भित्र्यांच्या तुकडीचा बर्गर

माझ्या आत्याने अडतीस वर्षं लोकांचे दात बनवले. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टर पुढच्या खोलीत पांढऱ्या दिव्याखाली बसून लोकांशी गोड बोलायचे आणि आत्या मागच्या खोलीत, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून, मेणात एकेक दात बसवायची. तिच्या टेबलावर कायम पाच-सहा प्लॅस्टरचे जबडे आ वासून पडलेले असत. लहानपणी मला तिथे नेलं की मी दारातच भोकाड पसरायची. मला वाटायचं, ही सगळी आधी पूर्ण माणसं होती आणि आत्याने त्यांचं एवढंच शिल्लक ठेवलंय.

कवळी नीट बसली की नाही हे बघायला ती माणसाला एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोजायला लावायची. दात जरा जरी पुढे आले असतील तर त्या आकड्यांत शिट्टी वाजते, म्हणे. आणि दातांची रांग ती कधीच अगदी सरळ लावत नसे. एक तरी दात किंचित वाकडा ठेवायची. "सरळ रांग फक्त खोट्या तोंडात असते," असं तिचं म्हणणं. आमच्या शहरात चारचौघांत खळखळून हसणारी निदान दोनशे माणसं तिच्या जिवावर हसतात. कोणती, ते तिने आजवर सांगितलेलं नाही. एखाद्या समारंभात मी तिला कोपराने ढोसून विचारायची, "हे तुझे का गं?" ती म्हणायची, "जेव मुकाट्याने." मागच्या खोलीतलं मागच्या खोलीत, हा तिचा नियम होता आणि तो तिने डॉक्टरांपेक्षा कडक पाळला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं आणि तिचे स्वतःचेच दात हलायला लागले. हिरड्या कमजोर. साठी ओलांडेपर्यंत एकेक करून गेले, शेवटचे सहा डॉक्टरांनी काढले. निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात आत्याने तिच्या आयुष्यातली शेवटची कवळी बनवली, ती स्वतःसाठी. एकसष्ट, बासष्ट करत आरशासमोर स्वतःच मोजलं, दोनदा घासली, आणि तोंडात घालून घरी आली. आई म्हणाली, "वन्सं, छान दिसता." बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "आता तिला मऊ भात देत जा."

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानदाराचा तराजू किती ग्रॅमने खोटा आहे हे ते लांबून सांगायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरातल्या प्रत्येकाला पारड्यात टाकून बघायची सवय गेली नाही. आत्याने लग्न केलं नाही, ती आमच्याकडेच राहिली, आणि तिचं वजन बाबांनी फार पूर्वी एकदाच करून ठेवलं होतं. त्यानंतर तिला काही विचारायची वेळच आली नाही. टीव्हीवर काय लावायचं, सुट्टीत कुठे जायचं, तिची खोली कोणती, हे सगळं ठरायचं आणि तिला कळायचं. मी भडक डोक्याची आहे, मी बाबांशी बाराव्या वर्षापासून भांडते. आत्या भांडत नसे. ती मूग गिळून बसायची आणि मला तिचाच जास्त राग यायचा.

निवृत्त झाल्यावर आत्या पोहायला लागली. बासष्टाव्या वर्षी, नगरपालिकेच्या तलावात, सकाळी सातला. ज्यांना पाण्याची धास्ती आहे अशा मोठ्या माणसांसाठी तिथे एक वर्ग होता. शिकवणारी बाई त्याला तोंडावरच 'भित्र्यांची तुकडी' म्हणायची. आता भित्री कोण होती, तर एक क्रेनवाली, जी दिवसभर बारा मजल्यांच्या उंचीवर काचेच्या डब्यात बसून लोखंडी तुळया उचलते, आणि कमरेएवढ्या पाण्यात जिचे पाय लटपटतात. दुसरा एक घड्याळजी, सत्तरीचा, काडीसारखा. आणि तिसरी आमची आत्या. बाकीचे आठवड्याभरात पळाले.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईने सांगितलं की अंगावर सुटं काही असेल ते काढून बाकावर ठेवा. क्रेनवालीने बाटलीच्या बुडासारखा चष्मा काढला. घड्याळजींनी कानातलं यंत्र काढलं. आत्याने दोन्ही कवळ्या काढून डबीत ठेवल्या. तिला त्याची लाज वाटली नाही, कारण तिच्या लेखी दात ही टेबलावर ठेवायचीच वस्तू. मग तिघं पाण्यात उतरली. एकीला दिसत नव्हतं, एकाला ऐकू येत नव्हतं आणि एकीला बोलता येत नव्हतं. अशा तिघांची मैत्री होणार नाही तर कोणाची होणार? आमच्या घरात आत्याला बोळक्या तोंडाची कोणीही पाहिलेली नाही, मीसुद्धा नाही. त्या दोघांनी तिला रोज पाहिली.

चार महिन्यांनी, एका गुरुवारी, तिघांनी तलावाची रुंदी एका दमात पार केली. समोरच्या भिंतीला हात लागला की बर्गर, असं आधीच ठरलं होतं. जागा क्रेनवालीची. तिच्या बांधकामाच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं आणि तिथला बर्गर खाऊन ती परत वर चढायची. दिवस ठरला शनिवार, संध्याकाळी सहा.

आता त्याच आठवड्यातला सोमवार. माझ्या ताईला, म्हणजे मोठ्या बहिणीला, जुळी झाली होती. ती दूरच्या शहरात राहते. सोमवारी दुपारी जेवताना बाबांनी आमटी वाढून घेत जाहीर केलं, "शनिवारी संध्याकाळी व्याही आणि विहीणबाई येतायत. रविवारी सकाळच्या गाडीने परत जातील, तेव्हा हिला बरोबर नेतील. पोरं जरा मोठी होईपर्यंत राहील तिकडे. दोन वर्षं म्हणजे काय, चुटकीसरशी जातात." मग आत्याकडे बघून म्हणाले, "तुला तरी आता इथे काय काम आहे?"

आत्याच्या तोंडात घास होता. ती "हं" म्हणाली.

झालं. बाबांनी ताईला फोन केला, व्याह्यांना केला. त्या रात्री मी ताईला विचारलं तर ती म्हणाली, "मी कुठे मागितलं? बाबाच म्हणाले, आत्या यायला एका पायावर तयार आहे. आम्ही तर एक बाई बघून ठेवली होती." मी रागाने लाल. तरातरा आत्याच्या खोलीत गेले. ती ओला टॉवेल खुर्चीवर पसरत होती.

"तू हो कशाला म्हणालीस?"

"मी कुठे हो म्हणाले?"

"मग नाही म्हण!"

ती टॉवेलची टोकं सरळ करत राहिली. मी तणतणत बाहेर पडले. तीन दिवस ती गप्प होती. घरात तिची बॅग काढली गेली, आईने नाइलाजाने तिचे कपडे त्यात घड्या घालून ठेवले. गुरुवारी सकाळी आत्या तलावावरून आली ती ओल्या केसांनी सरळ माझ्याकडे. मी औषधांची व्हॅन चालवते, दुकानादुकानांत खोकी पोचवते.

"शनिवारी साडेपाचला व्हॅन मोकळी असेल का गं?"

"शनिवारी? पण तेव्हा व्याही—"

"म्हणूनच विचारतेय."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या हनुवटीत काहीतरी बदललं होतं. भिंतीला हात लागलेला माणूस असा दिसत असावा.

शनिवारी साडेपाचला आत्या बूट घालून बाहेरच्या खोलीत आली. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात, खुर्च्यांची मांडणी चौथ्यांदा बदलत होते.

"कुठे निघालीस?"

"बर्गर खायला."

बाबांना ते शब्द ओळखीचे असूनही वाक्य कळलं नाही. "काय खायला?"

"बर्गर. मित्रमंडळी वाट बघतायत."

"बासष्टाव्या वर्षी कसली मित्रमंडळी?"

"नवीन," आत्या म्हणाली.

"अगं, व्याही येतायत!"

"तुझे येतायत."

"आणि कवळी लावून बर्गर? चारचौघांत दात हातात आले म्हणजे? नाक कापलं जाईल आपलं."

"हातात आले तर धुऊन परत लावीन."

बाबांनी आईकडे बघितलं. आई स्वयंपाकघरातून आली, हातात आत्याचा स्वेटर. "वन्सं, गार वारा सुटलाय. एवढा राहू दे." आमच्या घराच्या हिशेबात हे उघड बंड होतं. आत्याने स्वेटर घेतला, मी किल्ली घेतली, आणि आम्ही निघालो. जिना उतरताना माझ्या पायांना हसू फुटत होतं.

दुकान अरुंद आणि लांबुळकं होतं, आठ टेबलांचं. आत मोठा लोखंडी तवा आणि त्यामागे मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग असलेली एक धिप्पाड बाई. ती खिम्याचा गोळा तव्यावर टाकायची आणि चक्क गवंड्याच्या थापीने दाबायची. चर्र आवाज व्हायचा, कडा जाळीदार आणि काळपट व्हायच्या, मग त्यावर चीज, पातळ कांदा, आंबट काकडी, आणि लोण्यात भाजलेला पाव. क्रेनवाली आणि घड्याळजी आधीच बसलेले. आत्याने माझी ओळख करून दिली, "ही माझी भाची. रागीट आहे, पण गाडी नीट चालवते."

बर्गर समोर आले आणि एक गंमत झाली. आतापर्यंत ही तिघं भेटली ती फक्त तलावाच्या बाकावर. एकत्र बसलं की सुटं काढायचं, ही अंगवळणी पडलेली गोष्ट. क्रेनवालीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. घड्याळजींनी कानातलं यंत्र काढलं. आणि आत्याचा अंगठा वरच्या कवळीखाली गेला, टक् असा आवाज आला, आणि ती तशीच थांबली. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग जे हसणं सुटलं! क्रेनवालीने टेबलावर थापा मारल्या, घड्याळजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझी आत्या, जी उभा जन्म हात तोंडावर ठेवून हसली, ती तोंड उघडं टाकून, मान मागे करून हसत होती. मला रडू आलं, सांगून टाकते.

दात तिने परत बसवले. बाकीच्या दोघांनी मात्र आपापलं सामान टेबलावरच राहू दिलं. "इथे काचांवर वाफ धरते," क्रेनवाली म्हणाली. घड्याळजींना तव्याचा आवाज त्या यंत्रात फार कर्कश यायचा. ते मोठ्या सभ्यपणाने उठले आणि आत्यासाठी काटा-सुरी घेऊन आले.

"नको," आत्या म्हणाली. मग त्यांना ऐकू येत नाही हे आठवून तिने हातानेच नको केलं आणि बर्गर दोन्ही हातांनी उचलला.

आता यातली मेख सांगते. कवळी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर एक छापील कार्ड देत. समोरच्या दातांनी चावा घेऊ नये. लहान तुकडे करावेत. दोन्ही बाजूंनी, सावकाश, तोंड मिटून चावावे. घास संपल्याशिवाय बोलू नये. त्या कार्डाखाली नाव डॉक्टरांचं असलं तरी मजकूर आत्याने लिहिला होता. आणि आज तीच पहिला नियम मोडायला बसली होती.

"पडले तर?" मी हळूच विचारलं.

"चावताना लोक घास पुढे ओढतात, म्हणून कवळी सुटते," ती शांतपणे म्हणाली. "ओढायचं नाही, आत ढकलायचं. हे मी कार्डावर लिहिणार होते. डॉक्टर म्हणाले, लोकांना नसत्या सवयी लावू नका." तिने बर्गरकडे बघितलं. "म्हणतात ना, चणे मिळेपर्यंत दात राहत नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे, दात आपण करू."

आणि तिने चावला. समोरून, आरपार, पावासकट. रस तिच्या हनुवटीवरून स्वेटरवर गेला. कवळी जागची हलली नाही. क्रेनवालीने, दिसत काही नसताना, आरोळी ठोकली. तव्यामागच्या बाईने वळून बघितलं आणि थापी उंचावून दाखवली.

आत्याने तो घास संपवला, डोळे मिटून. मग दुसरा घेतला, पहिल्यापेक्षा मोठा. आणि नेमके तेव्हाच बाबा दारात उभे राहिले. पत्ता आईने दिला होता. नंतर मी जाब विचारला तर म्हणाली, "म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघून येऊ देत."

बाबा टेबलाशी आले. "ऊठ. मंडळी येऊन बसलीत. चहा झाला त्यांचा. चल."

आत्याच्या तोंडात घास होता. तिने एक बोट वर केलं: थांब. आणि चावत राहिली. दोन्ही बाजूंनी, सावकाश, तोंड मिटून.

बाबा उभे. घड्याळजी त्यांना बघून गडगडाटी आवाजात म्हणाले, "या, या! बसा की!" क्रेनवालीला समोर नुसता एक पांढरा सदरा दिसत होता. ती म्हणाली, "दादा, जरा मिरपूड देता का?" आणि माझ्या बाबांनी, ज्यांनी आयुष्यात स्वतःचं पाणी स्वतः घेतलं नाही, त्यांनी गोंधळून शेजारच्या टेबलावरची मिरपुडीची बाटली उचलून तिच्या हातात दिली. मी खाली बघून ओठ चावले.

आत्या चावतच होती. ती मुद्दाम लांबवत नव्हती, घासच मोठा होता. पण बासष्ट वर्षांत पहिल्यांदा बाबा तिचं संपायची वाट बघत उभे होते, आणि हे त्यांनाही हळूहळू कळत होतं. तिने गिळलं. पाणी प्यायली. तोंड पुसलं.

"हं, बोल."

"बोल काय? काय तमाशा लावलायस! सोमवारी माझ्यासमोर कबूल झालीस ना? हं म्हणालीस ना?"

"दादा, अडतीस वर्षं मी हेच बघत आले," आत्या म्हणाली. "माणसाच्या तोंडात मापाचा साचा भरलेला असतो. डॉक्टर विचारतात, दुखत नाही ना? उद्या येता ना? माणूस सगळ्याला हं म्हणतो. कारण दुसरं काही म्हणता येत नाही. त्याला होकार म्हणत नाहीत."

"तुझ्या तोंडात कुठे साचा होता?"

"होता. इतकी वर्षं होता. आता काढलाय."

बाबांनी सदरा खाली ओढला. "अगं, आपल्याच ताईची पोरं—"

"पोरांना बघायला जाईन की. पुढच्या महिन्यात. आठ दिवस, परतीचं तिकीट आधी काढून. आत्ता नाही. आत्ता आम्हाला खोल पाण्यात जायचंय."

"खोल पाण्यात? तू? बुडालीस तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, दादा. बुडाले तर बघू."

मी फिस्सकन हसले. ती चूक झाली. बाबा पेटले. आवाज चढवून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "शोभतं का हे? हनुवटीवर रस गळतोय, दोन्ही हात बरबटलेत! कवळी लावणाऱ्या माणसाने आपली पायरी ओळखून राहावं!"

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. मागच्या खोलीत दिव्याखाली काम तपासताना बघायची, तसं. बराच वेळ. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुझ्यासाठी एक मागवू? इथे कापूनसुद्धा देतात."

बाबांचं तोंड मिटलं. पेटी मिटावी तसं.

आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. बाबा सफरचंद कधी चावून खात नाहीत, आई त्यांना पातळ फोडी करून देते. बारा वर्षांपूर्वी ते सर्दी झाली म्हणून कितीतरी दिवस तोंडाला रुमाल लावून फिरत होते, आणि त्यानंतर त्यांना ताठ मानेने हसता यायला लागलं होतं. त्यांचा वरचा एक दात किंचित वाकडा आहे. तो वाकडा दात मी आजवर त्यांचा समजत होते.

आत्याने पुढे एक अक्षर उच्चारलं नाही. बोलली असती तर दुकान हसलं असतं, मी तर सर्वांत मोठ्याने हसले असते, आणि बाबांनी जे नाक कापण्याचं म्हटलं होतं ते तिने जागच्या जागी कापून हातात दिलं असतं. तिने बर्गर खाली ठेवला आणि पाण्याचा पेला बाबांकडे सरकवला. बाबा खुर्ची ओढून बसले. पाणी प्यायले. टेबलाकडे बघत म्हणाले, "मग त्यांना मी काय सांगू?"

"खरं ते सांग. तिला विचारलं नव्हतं, असं सांग."

त्यानंतर आत्याने उरलेला बर्गर संपवला. घाई केली नाही. क्रेनवालीने चष्मा लावला, आपण मिरपूड कोणाकडे मागितली ते बघितलं आणि कान पकडले. घड्याळजी बाबांना त्यांच्या मनगटावरचं घड्याळ किती जुनं आहे ते सांगत बसले, आणि बाबांना ऐकावं लागलं, कारण मध्ये बोललं तरी घड्याळजींपर्यंत ते पोचत नव्हतं. निघताना तिघांनी मंगळवारी सातला भेटायचं ठरवलं.

माझ्या व्हॅनमध्ये पुढे तिघांपुरतं बाक आहे. आत्या खिडकीशी बसली. बाबा मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघा लागू नये म्हणून अंग चोरून. दुसऱ्या चौकात त्यांनी विचारलं, "हे पोहणं कधीपासून?"

"चार महिने."

"मला कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं. तू पेपर वाचत होतास."

घरी व्याही आणि विहीणबाई चहाच्या रिकाम्या कपांसमोर बसले होते. कोपऱ्यात आत्याची भरलेली बॅग. आईच्या चेहऱ्यावर काय झालं असेल याची धाकधूक. आत्याच्या स्वेटरवर रसाचा हा मोठा डाग होता आणि ती तो पुसत बसली नाही, सगळ्यांसमोर तशीच उभी राहिली. विहीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, "आलात? बरं झालं. सकाळी लवकर निघायचंय."

बाबांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता हे काहीतरी गुळमुळीत सांगतील, तिची तब्येत, हवामान, असलं काही. मी भांडणाच्या तयारीने पुढेच झाले होते.

"जरा घोटाळा झालाय," बाबा म्हणाले. "माझ्याकडून. मी तिला विचारलंच नव्हतं."

व्याह्यांनी कप उचलला, तो रिकामा आहे हे बघून परत ठेवला. विहीणबाईंनी बाबांकडे बघितलं, मग आत्याकडे.

"मग आता विचारा की," त्या म्हणाल्या. "समोरच तर उभ्या आहेत."

बाबा आत्याकडे वळले. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबले. साध्या चार-पाच शब्दांचा प्रश्न, पण तो त्यांनी कधी केलेलाच नव्हता, तर जमणार कसा? शेवटी म्हणाले, "तू... जाशील का? दोन वर्षं?"

आत्याने प्रश्न पूर्ण ऐकून घेतला. विचारलंय तर नीट विचार करून सांगावं, असा तिचा चेहरा होता. मग म्हणाली, "नाही, दादा. नाही जाणार."

बाबांनी मान डोलावली. विहीणबाई आत्याच्या समोरच बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी बाबा त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "ती नाही म्हणतेय."